दस्ता नसलेली बारा बोर

घरात बंदूक आणायची की नाही, यावर आमच्याकडे बरेच दिवस वाद चालला होता. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. आसपासची दोन-तीन गराजं फोडली गेली आणि नवऱ्याच्या डोक्यात शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, शिरली. माझी अट एकच होती. बंदूक येणार असेल तर ती मला उघडता, रिकामी करता आणि चालवता आलीच पाहिजे. ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते ती कपाटात ठेवून मला झोप लागली नसती.

इथल्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून आधीच सांगते. एच-वन-बी किंवा तत्सम नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात येते. एखाद्या राज्याचा शिकारीचा चालू परवाना असेल तर सूट मिळते, आणखीही एक-दोन सवलती आहेत, पण ऑफिसातले मित्र ‘चल रे, मजा येईल’ म्हणून घेऊन जातात तेव्हा हे कुणी विचारत नाही. एवढी वर्षं थांबून ग्रीन कार्ड मिळवायचं आणि शनिवारच्या तासाभराच्या मौजेपायी ते धोक्यात घालायचं, हा कसला व्यवहार! आम्ही कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो. मग दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरला, त्यांनी एफबीआयच्या यंत्रणेत नाव तपासलं आणि बंदूक मिळाली. टेक्सासमध्ये खरेदीसाठी राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. रेशन कार्डावर नाव चढवायला यापेक्षा जास्त खेटे घातलेत मी.

नवऱ्याने आणली ती मोसबर्ग 500, बारा गेज, म्हणजे आपल्याकडे ज्याला बारा बोर म्हणतात तीच. 18.5 इंचांची नळी, पंप ॲक्शन (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढली की रिकामं टरफल बाहेर आणि नवं काडतूस आत), आणि खांद्याला लावायचा दस्ता गायब. त्याच्या जागी पिस्तुलासारखी नुसती काळी मूठ. या प्रकाराला कंपनी ‘क्रूझर’ म्हणते. मोसबर्ग ही स्वीडनहून आलेल्या ऑस्कर मोसबर्ग यांनी 1919 मध्ये काढलेली कंपनी. तिच्या बहुतेक बंदुका आता आमच्याच टेक्सासमध्ये, मेक्सिकोच्या सीमेवरच्या ईगल पास गावात बनतात. 500 हे मॉडेल 1961 पासून चालू आहे. नळी 18 इंचांच्या वर आहे, ते उगाच नाही. 1934 च्या केंद्रीय कायद्याने 18 इंचांहून आखूड नळीच्या किंवा एकूण लांबी 26 इंचांहून कमी असलेल्या शॉटगनला वेगळी नोंदणी लागते. त्यामुळे बाजारातल्या बहुतेक आखूड शॉटगन या रेषेच्या जेमतेम पलीकडे उभ्या असतात.

बंदूक दिसायला मात्र झकास होती. दस्ता नाही म्हणून आटोपशीर, दाराआड मावेल अशी, आणि सिनेमातला दरोडेखोर कमरेशी धरून धडाधड बार काढतो अगदी तशी. नवरा ती तशीच कमरेशी धरून आरशासमोर उभा राहिला होता, हे त्याने लिहू नकोस म्हणून सांगितलं आहे.

शिकवायला ज्या बाई मिळाल्या त्या साठीच्या पुढच्या, बुटक्या, अंगाने माझ्याहूनही किरकोळ. पूर्वी तुरुंग खात्यात होत्या. उघड्यावरच्या रेंजवर त्यांनी आमची पेटी टेबलावर ठेवायला सांगितली. नळीचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते पेटी उघडण्याआधी विचारलं आणि पेटी फिरवायला लावली. झाकण उघडून आत पाहिलं.

“ही तुझी पहिली बंदूक?”

“हो.”

“मग आज ही इथेच राहू दे,” म्हणून झाकण लावून टाकलं.

पहिला सगळा वेळ त्यांच्या वीस गेजच्या, म्हणजे बारापेक्षा बारीक नळीच्या शॉटगनवर गेला. तिला साधा लाकडी दस्ता होता आणि आत प्लास्टिकची नकली काडतुसं. नियम त्यांनी चारच सांगितले, पण प्रत्येक वेळी हात लावताना तेच म्हणून दाखवायला लावायच्या. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. जे उद्ध्वस्त करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी फिरवायची नाही. नेम धरून होईपर्यंत बोट चापावर जाऊ द्यायचं नाही. आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत हवं. पहिले तीन हाताच्या सवयीचे आहेत, ते अंगवळणी पडतात. चौथ्याने पुढे आमच्या घराचा नकाशाच बदलला, त्याविषयी मग लिहिते.

बंदूक रिकामी आहे हे बघण्याची त्यांची रीत मला फार आवडली. पंप मागे ओढून ॲक्शन उघडायची, चेंबरमध्ये, म्हणजे बार होताना काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी आत घालून बघायचं. त्यानंतर तेच बोट खाली मॅगझिनच्या, म्हणजे पुढची काडतुसं राहतात त्या नळीत घालायचं आणि तिथला स्प्रिंगवरचा तुकडा बोटाला लागतो का ते तपासायचं. तो लागला तर नळी रिकामी. पितळेची गोल कडा लागली तर आत काडतूस बसलेलं आहे. मग डोळे मिटून पुन्हा तेच. “वीज गेली तरी तुझं बोट जाणार नाही,” असं त्यांचं म्हणणं. आता हे सगळं मी बोलता बोलता करते, पण बंदूक कुणाच्या हातात देण्याआधी चुकवत नाही. समोरच्यानेही आपल्या देखत तेच करायचं असतं. त्यात अविश्वास वगैरे काही नाही, रेंजवरचा शिष्टाचारच तो.

मग कान आणि डोळे. बारा बोरचा बार 150 डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात फोमच्या गुंड्या आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही. माझ्या चष्म्याच्या जाड काड्यांमुळे मफ नीट टेकत नव्हते, आणि कानातल्या रिंगाही आड येत होत्या. रिंगा काढल्या आणि बारीक काड्यांचा संरक्षक चष्मा मागून घेतला. गळाबंद टी-शर्ट घालून ये, हेही आधीच बजावलं होतं. शेजारच्या लेनमधून उडालेलं गरम टरफल गळ्यातून आत गेलं की माणूस हातातल्या बंदुकीसकट नाचतो, आणि मग नळी कुठेही फिरते.

रेंज ‘हॉट’, म्हणजे बार चालू, असताना लाल रेषेपुढे पाऊल नाही आणि ‘कोल्ड’, म्हणजे बार बंद, असताना बंदुकीला स्पर्श नाही. टेबलावर ठेवलेली, उघडी, रिकामी बंदूकसुद्धा नाही. पेटीचं झाकण सावरायला पुढे झालेल्या एका दांडग्या माणसाला रेंज ऑफिसरने लाऊडस्पीकरवरून झापलं. तो शाळकरी पोरासारखा दोन पावलं मागे सरला.

वीस गेजवर हळूहळू हात बसला. दस्ता खांद्याच्या खोबणीत, गाल लाकडावर टेकलेला, डावा पाय पुढे, वजन पुढच्या पायावर. धक्का लागतो तो सगळ्या अंगात पसरतो, मागे कुणीतरी जोरात ढकलल्यासारखं होतं आणि संपतं. दुसऱ्या दिवशी खांद्यावर निळसर डाग होता, तेवढंच.

आमची मोसबर्ग बाहेर आली ती नंतरच्या भेटीत. मी व्हॉल्व्हच्या कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्यामुळे आदल्या रात्री कागदावर हिशेब करून बसले होते. साध्या हलक्या काडतुसात 28 ग्रॅम शिशाचे छर्रे असतात आणि ते सेकंदाला साधारण 360 मीटर वेगाने सुटतात. जेवढा संवेग पुढे, तेवढाच मागे. दस्त्याची शॉटगन 3.4 किलोची धरली तर ती सेकंदाला तीन मीटरने मागे येते. आमची अडीच किलोची, ती चार मीटरने. वायूचा धक्का सोडून केलेला हा कच्चा हिशेब आहे, पण ऊर्जेत बघितलं तर आमच्या बंदुकीचा धक्का एक तृतीयांशाने जास्त. वर तो घ्यायला खांदा नाही. तो सगळा उजव्या मनगटात आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात येणार. हलकी म्हणून सोपी, हा दुकानातला युक्तिवाद त्या कागदावरच निकालात निघाला.

बाईंनी आधी सेफ्टी दाखवली. मोसबर्गची सेफ्टी मागच्या बाजूला, वर पाठीवर असते. बटण पुढे सरकवलं की लाल ठिपका दिसतो, म्हणजे बंदूक चालू. दस्त्याच्या बंदुकीवर अंगठा आपोआप तिथेच असतो, आणि डावखुऱ्यांनाही ती जागा सोयीची. पण पिस्तुलाची मूठ धरली की अंगठा खाली जातो. सेफ्टीपर्यंत पोचायला मूठ सैल करावी लागते, म्हणजे पकड घट्ट हवी नेमकी तेव्हाच ती सुटते. रेमिंग्टन 870 ची सेफ्टी चापाच्या मागे आडवी असते, तिला ही अडचण येत नाही. चांगल्या बंदुकीला चुकीचा भाग जोडला की असं होतं. मोसबर्गने सेफ्टी वर ठेवली ती दस्ता गृहीत धरून.

मग पकड. उजव्या हाताने मूठ मागे ओढायची आणि डाव्या हाताने पंपाची मूठ पुढे ढकलायची, दोन्ही एकाच वेळी. गलोल ताणताना हात जसे उलट दिशांना जातात तसे. त्या ताणातच बंदूक स्थिर राहते आणि धक्का दोन्ही दंडांत वाटला जातो. ताण सैल पडला की नळी उसळून आभाळाकडे जाते. कोपर थोडी वाकलेली आणि बंदूक चेहऱ्यापासून चांगली लांब, पुढे रेटलेली. नेम धरायच्या नादात लोक ती डोळ्याजवळ आणतात, आणि मागचा लोखंडी भाग थेट ओठांवर किंवा गालाच्या हाडावर येतो. बाईंनी त्यासाठी माझ्या हनुवटीपुढे स्वतःचा पंजा आडवा धरून अंतर मोजलं. बार काढायला लावला तो पंजा बाजूला घेतल्यानंतरच, हे सांगायला नको.

सुरुवातीला मॅगझिनमध्ये एकच काडतूस. खालून ते अंगठ्याने आत ढकलायचं. आत आणखी दाबलं की ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि काडतूस मागे येत नाही. तो आवाज मफमधून ऐकू येत नाही, अंगठ्याला कळतो. पंप मागे, पुढे. लाल ठिपका. नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी टार्गेटच्या मधोमध. बोट चापावर.

मनगटाला हिसका बसला तो अपेक्षेएवढाच होता. अपेक्षा नव्हती ती बेचक्यातल्या चिमट्याची. मुठीच्या वरच्या कडेने कातडी चेपली जाते. पाच-सहा बारांनंतर तिथे हुळहुळायला लागतं, आणि मग चाप ओढण्याआधीच हात आपोआप आखडतो. इथे त्याला ‘फ्लिंच’ म्हणतात. तो मोडायचा बाईंचा उपाय जुनाच आहे. मला न दाखवता काडतुसं भरायची आणि मधेच एखादं नकली घालायचं. नकलीवर चाप ओढला की बार होत नाही, पण नळी खाली झुकलेली दिसते, आणि आपलीच भीती आपल्याला उघड्या डोळ्यांनी बघायला मिळते. त्याच ओघात दुसराही धडा होतो. बार झाला नाही म्हणून लगेच पंप ओढायचा नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं. क्वचित काडतूस उशिरा पेटतं.

पंपाची गोष्ट आणखी वेगळी. दस्ता खांद्याला टेकलेला असतो तेव्हा बंदूक जागेवर राहते आणि फक्त पंप सरकतो. इथे पंप मागे ओढला की अख्खी बंदूकच मागे यायला बघते. पंप शेवटपर्यंत गेला नाही तर रिकामं टरफल बाहेर पडत नाही, किंवा पुढचं काडतूस अर्धवट वर येऊन अडकतं. दस्ता नसलेल्या बंदुकीवर हे सर्रास होतं, मुरलेल्यांनाही. उपाय एकच, पंप दामटून ओढायचा. बायकी नाजूकपणाने नव्हे, असं शेजारच्या लेनमधले एक गृहस्थ म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते आपल्या बंदुकीत लक्ष घालू लागले.

टार्गेटच्या कागदावर जे दिसलं त्याने नवऱ्याचा सिनेमा संपला. शॉटगनला नेम लागत नाही, छर्रे पसरतात, नुसती दिशा दाखवली की झालं, असं सगळेच सांगतात. आठ नंबरच्या छऱ्यांच्या एका काडतुसात चारशेच्या आसपास दाणे असतात. पाच यार्डांवरून ते गेले त्याचं कागदावर भोक पडलं ते माझ्या तळहाताएवढं. मधोमध फाटलेला खड्डा, कडेने तुरळक टिकल्या. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंतरच तेवढं असतं. म्हणजे घरात नेम धरावाच लागणार. मग बाईंनी रेंज ऑफिसरला विचारून नवऱ्याला कमरेवरून बार काढायला दिला. अंतर सात यार्डच. कागद कोराच राहिला, मागच्या मातीच्या बांधावर खाली डावीकडे धूळ उडाली. तो म्हणाला, पुन्हा बघतो. पुन्हा धूळच, या वेळी जरा वर.

कोल्ड झाल्यावर कागद बदलायला गेले तेव्हा गवतात छऱ्यांसोबत उडणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्या पडलेल्या दिसल्या. काडतुसात त्या छर्रे धरून ठेवतात आणि हवेत त्यांच्या चार पाकळ्या उलट्या उमलतात. पांढऱ्या, हिरव्या, पाकळ्यांच्या आतल्या बाजूला शिशाच्या दाण्यांचे खळगे उमटलेले. मुलीला दाखवायला एक घेतली, पण शिसं लागलेलं असतं म्हणून तिथेच टाकली. रेंजवरून निघताना हात साबणाने आणि थंड पाण्यानेच धुवायचे, मधे काही खायचं नाही, कपडे वेगळे धुवायचे. डबा नेला होता तो परत आला.

आता तो चौथा नियम. बाईंनी एक कोरा कागद दिला आणि आमच्या घराचा नकाशा काढायला सांगितलं. झोपायची खोली, जिना, मुलीची खोली, स्वयंपाकघर, शेजाऱ्यांची भिंत. मग विचारलं, तू इथे उभी आहेस, दार तिकडे आहे, बार काढलास, छर्रे कुठे जातील? इथली घरं म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि दोन्हीकडून जिप्समचे पत्रे. आपल्या विटांच्या भिंतींचा हिशेब इथे चालत नाही. ज्यात साधारण साडेआठ मिलिमीटरचे आठ-नऊ दाणे असतात ते डबल-ऑट बकशॉट अशा दोन-चार भिंती आरामात पार करतं. नकाशावर मी दारापासून रेघ ओढली ती मुलीच्या पलंगावरून गेली. नवरा बराच वेळ तो कागद बघत होता. आता ठरलंय असं की काही आवाज आला तर आम्ही दोघं मुलीच्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि 911 ला फोन करायचा. बंदूक त्या खोलीच्या दाराकडे तोंड करून. जिन्यावरून खाली उतरून शोध घेणं वगैरे रद्द.

ठेवायची जागाही तेव्हाच पक्की झाली. टेक्सासमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक निष्काळजीपणाने लागली तर बंदूकवाल्यावर गुन्हा दाखल होतो. आमची मुलगी नऊ वर्षांची. लोखंडी पेटी भिंतीला बोल्टने आवळली. चेंबर रिकामं ठेवतो, कारण पंपाची शॉटगन आपटली तर बार उडण्याचा धोका पूर्ण जात नाही.

राजापूरच्या काकांना व्हिडिओ कॉलवर बंदूक दाखवली. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी आहे. त्याआधी आजोबांची ठासणीची होती. वानर-डुकरं हुसकायला बार काढायचा, आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची, एवढाच तिचा दिनक्रम. काकांनी स्क्रीन जवळ घेऊन निरखलं आणि विचारलं, “अगो, हिचा दस्ता खंय गेला? मोडला काय?”

दस्ता आम्ही नंतर मागवला. लांब स्क्रू-ड्रायव्हरने एकच बोल्ट काढायचा, मूठ निघते, दस्ता बसतो. बंदूक एकदम दुसरीच झाली. अंगठा सेफ्टीवर, गाल दस्त्यावर, पंप हवा तसा मागे. मुठीवर हात बसवायला जितकी काडतुसं उडवली त्याच्या निम्म्यात मी दस्त्यावर जास्त नीट मारू लागले. तरी ती मूठ शिकल्याचं वाईट वाटत नाही. डावा हात पुढे रेटायची सवय तिच्यामुळेच लागली आणि ती दस्त्यावरही कामी येते. पण कुणी पहिली बंदूक म्हणून ही घेऊ का असं विचारलं तर मी सरळ नाही म्हणते. दुकानदार बायकांना ‘छोटी आहे, तुम्हाला बरी’ म्हणून हीच पुढे करतात, त्याचा तर मला रागच येतो.

सध्या मी ट्रॅपला, म्हणजे उडत्या तबकड्यांच्या नेमबाजीला जाते. 16 यार्डांच्या खुणेवर उभं राहायचं, हाक दिली की समोरच्या खड्ड्यातून भगवी तबकडी सुटते, अशा पंचवीस. तिथली निवृत्त मंडळी महागड्या दुनळ्या घेऊन येतात आणि माझ्या आखूड काळ्या मोसबर्गकडे बघून मिशीत हसतात. 18.5 इंचांच्या नळीतून छर्रे लवकर फाकतात, तबकडी लांब गेली की दाण्यांच्या मधल्या फटीतून निसटते. त्यासाठी आता 28 इंचांची नळी मागवली आहे. याच बंदुकीवर ती एका स्क्रूने बसते. पार्सल गुरुवारी येणार आहे, आणि शनिवारची लेन नवऱ्याने त्याच्या नावावर घेऊन ठेवली आहे.